काचेच्या टाकीतली सोमवारची फेरी

दवाखान्यातनं ड्युटी संपवून घरी आलं की नर्सला कुणी ना कुणी हाक मारतंच. कुणाचं बीपी बघायचं असतं, कुणाच्या लेकराला ताप असतो. त्याला मी सरावलेले आहे. पण "सिस्टर, पळा, जलद गाडीला दम लागलाय!" अशी हाक मारणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला, आणि माझं नशीब असं की तो माझा घरमालक होता.

मी मूळची येरमाळ्याकडची. उमरग्याच्या सरकारी दवाखान्यात बदली झाली तेव्हा यांच्या माडीवरच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या. हे बसस्टँडवरचे रिटायर कंट्रोलर. सगळी गल्ली त्यांना कंट्रोलरकाका म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का. काकांचा आवाज म्हणजे खणखणीत. नोकरीभर माइकवर "सोलापूरकडं जाणाऱ्या प्रवाशांनी" असं ओरडून ओरडून त्यांना साधं बोलणंच राहिलं नव्हतं. सकाळी खालून आवाज यायचा, "माडीवरच्या प्रवाशांनी लक्ष द्यावं, चहा सुटण्याच्या तयारीत आहे." आता चहा सुटतो का? पण सुटायच्या आत मी खाली असायची, कारण अक्काचा चहा सोडण्यासारखा नव्हताच.

रिटायर झाल्यावर लोक शेती बघतात, देवळात बसतात. काकांनी सोलापूरहून काचेची टाकी आणली आणि पुढच्या खोलीत तिचा बसस्टँड केला. मासे आणले तेव्हाचा किस्सा तर गल्लीत अजून सांगतात. प्लास्टिकच्या पिशवीत मासे घेऊन हा माणूस बसमधून उतरला, आणि कपाळाला विभूती, गळ्यात लिंग असलेला कंट्रोलर बाजारातनं मासे घेऊन चाललाय हे बघून लोकांची बोटं तोंडात गेली. संध्याकाळपर्यंत लिंगायत समाजातले दोन ज्येष्ठ विचारपूस करायला घरी. अक्कानं त्यांना टाकीपुढं बसवलं, चहा दिला, आणि म्हणाली, "अय्यो, खायला न्हाय ओ आणले! बघायला आणलेत. खायला तर भाकरीच हाय."

माशांना नावं म्हणजे गाड्यांची. लाल शेपटीचा, सदा घाईत असलेला तो जलद. लांब पंखांचा, नवरदेवासारखा सावकाश फिरणारा तो निम-आराम. बारीक गप्पी मासे म्हणजे शटल, कारण इकडून तिकडं नुसत्या फेऱ्या. आणि काचेला तोंड चिकटवून दिवसचे दिवस एकाच जागी बसणारा काळा, खरबरीत मासा होता, त्याचं नाव मुक्कामी. मला हे नाव ऐकून इतकं हसू आलं होतं की चहा नाकातून आला.

आता रोगाचं. काकांना माशांच्या रोगांचं लई वेड. गाडी स्टँडात शिरतानाच इंजिनाच्या आवाजावरनं आपण बिघाड सांगायचो, असं ते म्हणायचे, त्यामुळं मासा वळायच्या आत त्याला काय झालंय हे आपल्याला कळतं असा त्यांचा ठाम समज होता. कळायचं कधी, कधी नाही कळायचं. पण ठामपणा कायम.

पहिल्यांदा बिमारी आली ती त्यांच्याच हातानं. सोलापूरहून आणलेला नवा मासा त्यांनी तसाच टाकीत सोडला. थोड्याच दिवसांत सगळ्यांच्या अंगावर पांढरे ठिपके. बारीक मीठ भुरभुरावं तसे. मासे दगडांना अंग घासायला लागले. अक्का पूजा आटोपून बाहेर आली, बघितलं आणि चक्क हात जोडले. "विभूती उमटलीय की ओ ह्यांच्या अंगावर! पुण्यवान हाईत." काकांनी कपाळाला हात लावला. "अगं विभूती कसली, खरूज हाय ती!"

मग काय, उपचार सुरू. टाकीत खडेमीठ. पाणी गरम करायला हीटर. पाणी किती गरम झालं बघायला माझा थर्मामीटर, मला न विचारता. मी दवाखान्यात पेशंटच्या तोंडात घालायचा थर्मामीटर शोधतेय आणि तो इकडं शटलच्या अंगाला लागलाय! मी भांडले तर म्हणाले, "सिस्टर, पेशंट तो पेशंट. तुमचे खाटेवर असत्यात, माझे पाण्यात." वरून माशांच्या दुकानातलं ते निळं औषध. ते टाकीत घालता घालता दोन्ही हातांना, बनियनला, पडद्याला, सगळीकडं निळं. त्याच आठवड्यात मुरुमला अक्काच्या माहेरी लग्न होतं. काका निळ्या बोटांनी अक्षता टाकायला उभे. जो तो विचारायचा, "काका, मतदान झालं व्हय तुमच्याकडं?" काका शांतपणे सांगायचे, "व्हय, माशांचं होतं."

पण मासे वाचले बरं का, एक-दोन शटल सोडले तर सगळे. तेव्हापासून नियम झाला, नवी गाडी आली की आधी डेपोत. डेपो म्हणजे न्हाणीघरातली निळी बादली. बादलीत ती चांगली राहिली तरच फलाटावर यायची. अंघोळीला बादली मोकळी नसायची तेव्हा आम्ही तांब्यानं अंघोळ करायचो. तक्रार करायची सोय नव्हती.

या सगळ्यातनं काकांनी एक वैद्यकी काढली होती. त्यांचं म्हणणं, औषध सगळ्यात शेवटी, आधी पाणी बघा. मासा आजारी पडला की थोडं पाणी काढा, मुरवलेलं पाणी घाला, खाणं बंद ठेवा, हवेची मोटार चालू ठेवा, आणि गप्प बसा. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यातनं एकदा यायचं आणि त्याला ब्लीचिंग पावडरीचा वास असायचा, म्हणून काका ते बॅरलमध्ये उघडं ठेवून मुरवायचे. रबरी नळी तोंडानं ओढून टाकीचा तळ साफ करायचे, आणि दर वेळी एक घोट पोटात जायचाच. "चव कशी हाय?" असं अक्का आतून विचारायची. वाईट एवढंच की ही वैद्यकी ते माणसांनाही लावायचे. मला एकदा ताप आला तर खालून आवाज, "सिस्टर, खोलीची हवा कधी बदलली होती? एक दिवस खाणं बंद." अहो, मी नर्स आहे! पण ते वर येऊन खिडक्या उघडून गेलेच. ताप उतरला, आणि त्याचं श्रेय त्यांनी महिनाभर घेतलं.

मग एक दिवस काकांच्याच छातीत दुखलं. अक्का अनवाणी माडी चढून आली आणि माझा हात धरून मला खाली ओढायला लागली. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं, पुढं सोलापूरला पाठवलं. झटका हलका होता. गोळ्या लागल्या, आणि डॉक्टरांनी बजावलं, की मनाला ताण नको. काका घरी आले, टाकीपुढं खुर्ची टाकून बसले, आणि म्हणाले, "आता मी बी डेपोत."

आणि नेमकी त्यानंतरच टाकी बिघडायला लागली. आधी पाणी दुधाळ झालं. मग मासे वर येऊन तोंडं आ करून हवा घ्यायला लागले. पंखांच्या कडा फाटायला लागल्या. काकांनी पाणी बदललं, मीठ घातलं, निळं औषध घातलं, मोबाईलवरचे व्हिडिओ बघून बघून डोकं पिकवलं. एक जण म्हणायचा औषध घाला, दुसरा म्हणायचा अजिबात घालू नका. बदललं की बरं, आणि चार-सहा दिवसांनी पुन्हा तेच. संशय नळावर गेला, दिव्यावर गेला, गल्लीतल्या फवारणीवर गेला. एकदा माझ्या पावडरीवरही गेला. मी माडीवर राहते, पावडर लावते, आणि खाली मासे गुदमरतात! मी म्हटलं, "काका, आता माझ्या स्वप्नांनी बी मासे मरायलालेत म्हणा."

पण चेष्टा फार दिवस टिकली नाही. एका सकाळी निम-आराम आडवा पडलेला दिसला. काकांनी त्याला हातात घेतलं, परसात कढीपत्त्याच्या बुडाशी पुरलं, हात धुतले आणि खुर्चीत बसले. त्या दिवशी चहा सुटण्याची घोषणा झाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. एवढा खणखणीत माणूस गप्प झालेला बघवत नव्हता. मला त्या माशाचं काही नव्हतं, खरं सांगते. मला काकांच्या छातीची भीती वाटत होती. ताण नको म्हणून बसवलेला माणूस दिवसभर एका टाकीकडं बघून झुरत होता.

तोड निघाली ती त्यांच्या नोकरीतनं. मी एकदा बोलता बोलता म्हणाले की काका, तुम्ही मला नेमकं मंगळवारीच हाक मारता, मंगळवारी माझी दुपारची ड्युटी असते म्हणून ध्यानात आहे. काका खुर्चीतनं ताडकन उठले. "मंगळवारी? दर मंगळवारी?" मी म्हटलं, हो. "सिस्टर, रोग असा टायमावर येत न्हाय. टायमावर येती ती गाडी. आणि गाडी आपोआप येत न्हाय, कुणीतरी सोडतंय. मंगळवारी पोचती म्हंजी सोमवारी सुटती. सोमवारी कोण सोडायलंय ते बघू."

पुढच्या सोमवारी सकाळी आम्ही दोघं माडीच्या जिन्यात दबा धरून बसलो. पासष्टी ओलांडलेला माणूस आणि सरकारी नर्स! कुणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं देव जाणे. अक्काची पूजा आटोपली. ती ओल्या केसांनी, कपाळाला विभूती लावून, हातात वाटी घेऊन बाहेर आली. दार लोटलं. टाकीचं झाकण उचललं. वाटीत कणकेच्या गोळ्या होत्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, एकसारख्या. एकेक गोळी पाण्यात सोडायची आणि पुटपुटायची, "आमच्या मालकास्नी उदंड आयुष्य द्या. आमच्या मालकास्नी सुखी ठेवा." वाटी संपेपर्यंत.

मला नंतर कळलं. काकांच्या दुखण्यानंतर तिला घरी येणाऱ्या स्वामींनी सांगितलं होतं, सोमवारी मासोळ्यांना कणकेच्या गोळ्या घाल. आमच्या भागात उन्हाळ्यात ओढ्याला पाणी नाही, तळ्याला भेगा, मासोळी आणायची कुठनं? अक्कानं सरळ हिशेब केला. मासे घरातच होते.

मी उठणारच होते. एवढी कणीक कुजून त्या पाण्याचं काय होत असेल हे सांगायला दुसरं कुणी लागत नव्हतं. काकांनी माझं मनगट धरलं. अक्का आत गेल्यावर ते जिन्यातच बसून राहिले. मी म्हटलं, "काका, सांगा ना तिला. निदान एकच गोळी घाल म्हणावं." ते म्हणाले, "तिला वाटायलंय मी त्या गोळ्यांवर जगायलोय. आता मी सांगू का, न्हाय म्हणून?" मग म्हणाले, "निम-आराम माझ्यापायी गेला म्हणायचा." आणि डोळे पुसले. मी दुसरीकडं बघितलं.

तेव्हापासून सोमवारी दोन फेऱ्या व्हायला लागल्या. अक्काची जायची, आणि ती देवघरात आवरायला गेली की काकांची यायची. ते चहाची गाळणी घेऊन तळातल्या गोळ्या उपसायचे, गाळणी धुवायचे आणि खिळ्याला अडकवायचे. मासे सुधारले. पंख भरून आले. चहा पुन्हा सुटायला लागला. फक्त सोमवारच्या चहाला एक वास यायचा, तळ्याच्या काठाला येतो तसा. शुद्ध शाकाहारी घर, आणि आम्ही तिघं तो चहा पीत होतो, कुणी काही बोलत नव्हतं.

अक्काला कळलं नसेल असं मला वाटायचं. एकदा ती लसूण सोलता सोलता मला हळूच म्हणाली, "सिस्टर, गाळणी सोमवारी ओली असती, माझ्या ध्यानात येतंय. काढत्यात ते. काढू द्या. घालायचं काम माझं. एका माशानं जरी तोंड लावलं तरी पोचलं म्हणायचं." मी म्हटलं, मग बोलत का नाहीस? ती म्हणाली, "त्यांना वाटायलंय मला ठाऊक न्हाय. आनंदात हाईत, राहू द्या की." नवराबायकोच्या भानगडीत तिसऱ्यानं पडू नये, विशेषतः भाडेकरूनं, हे मी त्या दिवशी शिकले.

असंच चाललं असतं. पण यंदा अक्काच्या पोटात गाठ निघाली. काय आहे ते उघडून बघितल्याशिवाय सांगता येत नाही, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. तिला भरती केलं, मुरुमची बहीण तिच्यापाशी थांबली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काका कपडे आणि जुने रिपोर्ट न्यायला एकटे उमरग्याला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं परत निघताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "सिस्टर, दुपारी जरा टाकी बघा." एवढंच. घोषणा नाही, सूचना नाहीत. अंगात सदरा उलटा होता. मी सरळ करायला लावला.

मी सकाळची ड्युटी करून दुपारी दार उघडलं आणि हबकलेच. टाकीत मासे दिसतच नव्हते. पाणी कसलं, ताकच ते. सगळ्या गाड्या वर येऊन तोंडं वासून उभ्या. खाली वाकून बघते तर तळाशी गोळे. गोळ्या नव्हेत, गोळे. बोराएवढे, लिंबाएवढे, वेडेवाकडे, अंगठ्याचे ठसे उमटलेले. अर्धे विरघळलेले. ओट्यावर बघितलं तर परात तशीच, पिठाचा राडा सगळीकडं.

सोमवार नव्हता, आणि अक्का तर सोलापुरात खाटेवर होती.

मी खिळ्यावरनं गाळणी काढली, तेवढ्यात फोन वाजला. काका. मागं दवाखान्याचा गलका. "बघितली का टाकी?" मी म्हटलं, बघितली. "काढलं का?" मी म्हटलं, गाळणी हातात आहे. मग हळू, मला तर आधी त्यांचा आवाजच वाटला नाही, "तिला आत्ताच आत नेलंय. ती बाहेर येईपर्यंत राहू द्या, सिस्टर."

"काका, मासे मरतील."

"म्हणून तर तुमच्याकडं किल्ली दिली."

आणि फोन ठेवला. घ्या! मला राग आला, हसू आलं आणि रडूही आलं. ज्या माणसानं निळ्या बोटांनी लग्नात अक्षता टाकल्या, पाणी पाणी करून माझा जीव खाल्ला, तोच म्हणतो विष पाण्यात राहू द्या आणि मासेही वाचवा. पण खरं सांगू? मलाही ती गाळणी पाण्यात घालवेना. दवाखान्यात इतकी वर्षं काढलेली मी, टाकीपुढं उभी राहून माझाच हात धजेना.

मग मी काकांचंच डोकं वापरलं. एक गाडी फेल झाली की प्रवासी दुसऱ्या गाडीत बसवायचे. न्हाणीतला डेपो काढला, बॅरलमधलं मुरवलेलं पाणी भरलं, हवेची मोटार त्यात सोडली आणि जाळीनं एकेकाला पकडून बादलीत हलवलं. जलदनं मला घामाघूम केलं. शटल निघाले. टाकीचं अर्धं पाणी नळीनं ओढून काढलं, एक घोट माझ्याही पोटात गेला. चव विचारू नका. नवं पाणी भरलं, पण गोळ्यांना हात लावला नाही. राहिला मुक्कामी. तो काचेला असा चिकटलेला की ओढला तर ओठ तुटेल. मी म्हटलं, रहा बाबा. स्टँडावर कुणीतरी पाहिजेच.

मी खुर्चीत बसून राहिले. दुपार कलली. पाणी जरा निवळलं. आणि मुक्कामीनं, जो आयुष्यात कधी घाईत दिसला नाही, काच सोडली. सावकाश खाली आला, सगळ्यात मोठ्या गोळ्यावर जाऊन बसला आणि त्याला तोंड लावलं. मी एकटीच घरात टाळ्या वाजवल्या.

फोन आला तेव्हा दिवेलागण व्हायला आली होती. "बाहेर आणलं तिला. डोळे उघडले. गाठ साधीच दिसतीय म्हणाले, तपासायला पाठवलीय, पण डॉक्टर हसून बोलले." मग लगेच, "कुणी तोंड लावलं का?"

"मुक्कामीनं."

"एकट्यानंच?"

"एकट्यानंच."

"एक पॅसेंजर असला तरी फेरी धरत्यात, सिस्टर," ते म्हणाले. "काढा आता." आणि फोन चालूच ठेवून लहान लेकरासारखे रडले. मीही इकडं गाळणी हातात घेऊन उभी राहून रडले, कारण अक्का मला तेवढी आवडत होती.

सगळे गोळे काढले, मासे परत सोडले. गडबडीत गाळणी टाकीच्या झाकणावरच राहिली आणि माझ्या डोक्यातनं पार गेली. रिपोर्ट चांगला आला. अक्का घरी आली, हळूहळू भिंतीला धरून. बस म्हटलं तरी बसेना, पहिलं काम चहा. आत गेली, खिळ्याकडं हात नेला. गाळणी नाही. बाहेर आली, इकडं तिकडं बघितलं आणि झाकणावरनं गाळणी उचलली. जाळीत कणीक वाळून बसलेली. तिनं ती नखानं खरवडली, बोटांत चुरली, बघत राहिली. काका टाकीत तोंड घालून जलदची शेपटी तपासण्यात फारच गुंतलेले. मी माडीवर पळायच्या बेतात.

"अय्यो," अक्का म्हणाली. "एवढी सैल मळत्यात व्हय ओ कणीक? पाण्यात पडल्या पडल्या पीठ व्हायलंय की."

काकांनी मान वर केली नाही.

"पहिलीच फेरी होती," ते म्हणाले.